अर्धं लिहिलेलं वचन

माझं अक्षर चांगलं होतं. माझ्या हातून आयुष्यात जी सगळ्यात वाईट गोष्ट घडली ती या अक्षरामुळं घडली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. त्या गोष्टीतली मोठी माणसं आता राहिली नाहीत. मी तेवढा राहिलोय.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी कोल्हापुरात शाळामास्तर होतो. वय सत्तावीस, घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. आम्ही ख्रिस्ती. आमची मंडळी लहान, त्यामुळं कुणाच्या घरी कसली आमटी शिजली हे रविवारपर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचं. तिथं मला मान होता तो दोन गोष्टींसाठी, अक्षर आणि पाठांतर. माझा स्वभाव तापट होता. त्याला मान नव्हता, पण त्याची दखल सगळे घेत.

नव्या वर्षाच्या सकाळी आमच्याकडं एक रिवाज होता. उपासना संपली की पुढच्या टेबलावर एक लाकडी पेटी ठेवायची. पानाच्या डब्याएवढी. तिच्यात कागदाच्या बारीक सुरळ्या उभ्या खोचलेल्या असत आणि प्रत्येक सुरळीवर पवित्र शास्त्रातलं एक वचन. एकेकानं पुढं जायचं, डोळे मिटायचे, चिमट्यानं एक सुरळी उपसायची आणि ते आपलं वर्षाचं वचन म्हणून घरी न्यायचं. जे निघेल ते देव आपल्याशीच बोलला, असं माणसं मनापासून धरत. कुणी ते आरशाच्या चौकटीत खोचून ठेवी, कुणी कुंकवाच्या जुन्या करंड्यात. आजारी माणसाला बरं होण्याचं वचन निघालं की अख्खी मंडळी डोळे पुसायची.

निघायचंच तसं. कारण पेटीत सगळी वचनं गोड होती. भिऊ नको, मी तुझ्याजवळ आहे, तुझे अश्रू पुसले जातील, अशा अर्थाची. देवाचा राग त्या पेटीत नावाला नव्हता, आणि नेमकं हेच मला खुपायचं.

याला कारण माझे वडील. आमच्या घरात देव शाळा-तपासनिसासारखा होता. यायचा तो चुका काढायला. वडील जेवणाआधी आम्हा भावंडांना उभं करून पाठ म्हणायला लावत आणि त्यांची निवड ठरलेली. जगभर झालेला प्रलय, आगीच्या पावसात जळालेली गावं, राजांना तोंडावर शाप देणारे संदेष्टे. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून, आमटी गार झाली तरी. दहा वर्षांचा होईपर्यंत देवाचा सगळा क्रोध मला मुखोद्गत होता. आणि खोटं कशाला सांगू, मला तो देव आवडायचा. तो कुणाची भीड ठेवत नसे. घर सोडून गेलेला मुलगा परत आला तेव्हा बाप धावत जाऊन गळ्यात पडला, ही गोष्ट मला तेव्हा बापाचा दुबळेपणा वाटायची.

त्या वर्षी पावसाळ्यात पेटीला वाळवी लागली आणि जुन्या सुरळ्यांचा भुगा झाला. नव्या लिहायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. आमचे पाळकसाहेब वयस्कर, बारीक आवाजाचे, नेहमी एकच काळा कोट घालणारे. त्यांनी वचनांची यादी करून माझ्या हातात दिली. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणालो, "साहेब, ही यादी म्हणजे गुळाची ढेप आहे. शास्त्रात देवाचा रागसुद्धा आहे. तो कुठं गेला?"

"आहे की. मी प्रवचनात सांगतो."

"मग पेटीत का नको? अर्धाच देव वाटायचा लोकांना?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. ते चिडले की असं करत. "मास्तर, पुस्तकात रागाच्या आधी काहीतरी लिहिलेलं असतं आणि रागाच्या नंतर काहीतरी लिहिलेलं असतं. चिठ्ठीला आधी नाही आणि नंतर नाही. माणूस ती घेऊन घरी जातो आणि वर्षभर एकटा तिच्यासमोर बसतो. यादीत आहे तेवढंच लिहा."

मी बरं म्हणालो. घरी येताना मात्र मनात म्हटलं, म्हातारा मवाळ झालाय.

शाळेच्या नाताळच्या सुट्टीत मी त्या सुरळ्या लिहिल्या. यादीतली सगळी वचनं लिहिली आणि वर माझ्या पदरची सात घातली. सातही रागाची. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या मंडळीतले एक वखारवाले होते. लाकडाच्या धंद्यात गब्बर झालेले, गरिबाला ओलं लाकूड कोरडं म्हणून विकणारे आणि पहिल्या बाकावर बसून सगळ्यात मोठ्यानं गाणारे. त्यांना त्यातली एक निघावी अशी माझी फार इच्छा होती. देवाच्या मनात काय आहे ते चिमट्याला कळेल, असंही मी स्वतःला सांगितलं. म्हणजे पेटीत लबाडी करायची मी आणि निवडायची जबाबदारी देवाची.

त्या सातांतलं एक वचन दहा आज्ञांमधलं होतं. आमच्यातल्या शिकलेल्या लोकांना ते पाठ असतंच. इतरांसाठी सांगतो: बापांनी केलेल्या पापाचा जाब देव त्यांच्या मुलांना विचारतो, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत विचारतो, असा त्याचा पहिला भाग आहे. आणि वाक्य तिथं संपत नाही. त्याच दमात पुढं आहे की जे त्याच्यावर प्रेम करतात त्यांच्या हजारो पिढ्यांवर तो दया करतो. मी पहिला भाग लिहिला आणि पूर्णविराम दिला. सुरळीचा कागद दोन बोटं रुंद होता, दुसरा भाग मावला नाही, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. मी दहाच्या दहा आज्ञा एका पोस्टकार्डावर लिहून दाखवणारा माणूस. जागा नव्हती हे मला स्वतःलाच कधी पटलं नाही.

नव्या वर्षाची सकाळ उजाडली. वखारवाल्यांनी पुढं जाऊन चिमटा घातला आणि त्यांना हिरव्या कुरणाचं वचन निघालं. त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, मंडळीनं आमेन म्हटलं, आणि माझी मान खाली गेली.

बऱ्याच वेळानं एक बाई पुढं गेली. गारगोटीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून ती वर्षातून तीन-चारदा उपासनेला यायची. शेतकरी कुटुंब, गावात ख्रिस्ती म्हणून एवढं एकच घर. नवऱ्याचा ऊस गुऱ्हाळावर गेला होता म्हणून ती एकटीच आली होती, पाळकसाहेबांसाठी काकवीची किटली घेऊन. वय पंचविशीच्या आत. पोटुशी होती, सहावा महिना असावा. तिनं सुरळी काढली, कपाळाला लावली आणि सरळ माझ्याकडं आली. तिला वाचता येत नव्हतं आणि अडाणी माणसांना वचन वाचून दाखवणं हे माझंच काम होतं.

"मास्तर, बगा की काय म्हंतोय देव. दोन गेली माझी. औंदा तरी काय म्हंतोय बगा."

मी सुरळी उलगडली. माझंच अक्षर.

त्या क्षणी मला काहीही वाचता आलं असतं. तिला अक्षर-ओळख नव्हती, जवळ कुणी उभं नव्हतं. भिऊ नको, मी तुझ्याजवळ आहे, एवढं म्हटलं असतं तर ती काकवीची रिकामी किटली घेऊन हसत घरी गेली असती. पण मला वाटलं, देवाच्या वचनात फेरफार करणारा मी कोण. अर्धं वाक्य कापून टाकताना हे वाटलं नव्हतं, ते तेव्हा वाटलं. लिहिलं होतं ते मी शाळेत वाचतात तसं खणखणीत वाचलं.

तिनं सुरळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "परत एकदा वाचा."

मी परत वाचलं.

"म्हंजे ते खरंच व्हय," ती म्हणाली, आणि तिथंच उभं राहून तिनं मला सगळं सांगितलं. तिच्या सासऱ्यानं तरुणपणी आपल्या मेलेल्या भावाची बायको, पदरात पोर असताना, घराबाहेर काढली होती आणि तिचा जमिनीचा वाटा दाबला होता. जाताना त्या बाईनं उंबऱ्यावर माती टाकून तळतळाट दिला. पुढं सासऱ्यानं बाप्तिस्मा घेतला, पण वाटा काही परत दिला नाही. या सुनेला दोन मुलगे झाले आणि दोन्ही महिन्याच्या आत गेले. गाव म्हणायचं, त्या बाईचा शाप. पाळकसाहेबांनी तिला समजावलं होतं की ख्रिस्ताच्या माणसाला कुणाचा शाप लागत नाही. त्या एका शब्दावर ती तग धरून होती. "साहेब म्हनले शाप न्हाय लागत. पर हे तर देवच म्हनतोय की."

आता जे लिहितो ते लिहायला मला लाज वाटते. तिचं बोलणं ऐकून पहिल्यांदा मला भीती वाटली नाही, दया तर नाहीच. मला वाटलं, बघा, देव बोलला! दोनशे सुरळ्यांतून नेमकी हीच हिला कशी निघाली? माझ्या अंगावर काटा आला तो आनंदाचा होता. माझा देव, माझ्या वडिलांचा देव, माझ्या डोळ्यांदेखत खरा ठरला होता. ती चहाला न थांबता निघून गेली आणि मी पुढच्या माणसाची सुरळी वाचायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मात्र पेटीत उरलेल्या रागाच्या सुरळ्या मी हळूच काढून चुलीत घातल्या. म्हणजे मनात कुठंतरी चुकचुकत होतंच.

वैशाखात तिचा नवरा कोल्हापूरला आला. मी तेव्हा पाळकसाहेबांच्या ओसरीवर बसलो होतो. तो चप्पल काढायच्या आधीच ओरडला, "साहेब, तुमी त्या पेटीत काय भरलंयसा? तुमच्या पेटीनं माझी पोर नेली!"

पोर मेली नव्हती. मुलगी झाली होती, चांगली गुटगुटीत. बाळंतपण माहेरी झालं, तिकडं दक्षिणेला, जिथं घरात निम्मं कानडी बोलतात. तिची थोरली बहीण तिथंच दिली होती. लग्नाला दहा वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. बाराव्या दिवशी या बाईनं लेक उचलून त्या बहिणीच्या ओटीत घातली आणि कायमची दिली. नवऱ्याला विचारलं नाही. नंतर त्याला एवढंच म्हणाली की आता ती तुमच्या घराण्याची नाही, तेव्हा तुमच्या घराण्याच्या पापाचा जाब तिला कुणी विचारणार नाही.

"रिकाम्या ओटीनं घरी आलीया," नवरा सांगत होता. ओरडणं संपून त्याचा आवाज फुटला होता. "दूध फुटतंय, पदर भिजतोय, आनि म्हंती जगायची आसंल तर दुसऱ्याच्या घरात जगंल. मी भांडलो, हात उगारला. पर साहेब, खरं सांगू? मलाबी पोर परत आनायचं धाडस हुईना. दोन पुरलीत मी."

त्यानं खिशातून सुरळी काढून दिली. पाळकसाहेबांनी ती उलगडली आणि वाचली. माझं अक्षर ते शंभर अक्षरांत ओळखत. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या माणसाला ते म्हणाले, "पेटी मंडळीची आहे आणि मंडळीची जबाबदारी माझी. चूक माझी झाली. हे वचन अर्धं आहे. उरलेलं अर्धं दयेचं आहे आणि ते मोठं आहे."

"मला सांगून काय उपेग? तिला सांगा. माझं ती ऐकंना."

तो गेल्यावर पाळकसाहेबांनी ती सुरळी पुन्हा गुंडाळून ठेवली. मी वाट बघत होतो की हा माणूस आज तरी चिडेल, मला हाकलून देईल. ते इतकंच म्हणाले, "मी जाऊ शकतो. पण मी गेलो तर ती म्हणेल, साहेब माझी समजूत काढतायत. ज्यानं लिहिलं त्यानं जाऊन सांगावं. पोर महिन्याची आहे, मास्तर. अजून काही बिघडलेलं नाही. उद्याच जा."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. यष्टीनं त्या गावच्या फाट्यावर उतरलो. ऊन मरणाचं होतं. फाट्यापासून गाव दिसत होतं, विहिरीवर बायका होत्या, त्यांच्यात ती होती की नाही ते ओळखू आलं नाही. मी मनातल्या मनात बोलायची तयारी करत होतो. बाई, ते देवानं म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. वखारवाल्याला धडा शिकवायला म्हटलं होतं. हे वाक्य मी चार-पाच वेळा म्हणून पाहिलं आणि दर वेळी मी जास्तच लहान होत गेलो. शेवटी फाट्यावरच्या बाभळीखाली बसलो. तासाभरानं कोल्हापूरची यष्टी आली आणि मी तिच्यात चढलो.

पाळकसाहेब वाटच बघत होते. "सांगितलंत?"

"सांगितलं," मी म्हणालो. "पण ऐकत नाही. म्हणते, देवाचं बोलणं माणसानं दुरुस्त करू नये."

हे वाक्य मी यष्टीत रचलं होतं. इतकं चांगलं रचलं होतं की त्यांनी लगेच विश्वास ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. मी एवढ्या उन्हात जाऊन आलो म्हणून त्यांनी माझ्यासाठी आतून ताक आणायला सांगितलं आणि मी ते प्यालो. पेटी त्यांनी कपाटात ठेवून दिली आणि पुन्हा कधी बाहेर काढली नाही. वर्षभरात त्यांची बदली झाली, पुढं दोन वर्षांनी ते वारले. ती बाई मंडळीत यायची बंद झाली होती. विचारणारं कुणी उरलं नाही आणि मी माझ्या शाळेत मुलांना खोटं बोलू नये हे शिकवत राहिलो.

माझी मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा बायकोनं तिला दहा आज्ञा पाठ करायला बसवलं. एका संध्याकाळी ती मला म्हणून दाखवत होती. वडिलांची सवय माझ्यातही उतरलेली, हात मागं बांधून मी ऐकत होतो. ती त्या वचनाशी आली, तिसऱ्या-चौथ्या पिढीपाशी पोचली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बास. थांब."

"अजून हाय की, बाबा," ती म्हणाली आणि तिनं पुढचं सगळं एका दमात म्हणून टाकलं. हजारो पिढ्यांवर दया, सगळं. तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता. म्हणायचं राहू नये एवढीच तिला घाई होती. मी तिच्याकडं बघत राहिलो. चार वर्षांत मी हे वाक्य कितीदा ऐकलं असेल, उपासनेत स्वतः वाचलंही होतं, पण दर वेळी कान झाकून. त्या दिवशी मला रडू आलं. मुलगी घाबरून आईकडं पळाली. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

त्या आठवड्यातल्या सुट्टीला मी गारगोटीची यष्टी धरली. या वेळी फाट्यावर थांबलो नाही.

ती अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. चार वर्षांत बरीच वाळली होती. मला तिनं लगेच ओळखलं. "या की मास्तर, बसा. कसं काय वाट चुकलासा?" तिनं घोंगडं टाकलं. शेंगांच्या ढिगाच्या पलीकडं एक चार वर्षांची मुलगी बसली होती. दाणे खात होती आणि टरफलं ओळीनं मांडत होती. मला विचारावं लागलं नाही. कपाळ तेच होतं.

"भन आलीया आठ दिस," ती म्हणाली. "वड्याला धुनं घिऊन गेलीया. मालक रानात हैत."

मुलीनं मान वर करून विचारलं, "मावशी, अव्वा कवा येनार?" त्या बाजूला आईला अव्वा म्हणतात.

"यील आत्ता. तू खा," ती म्हणाली, आणि शेंग फोडून दाणे तिच्या हातावर ठेवले.

मी सगळं सांगितलं. सुरळ्या मी लिहिल्या होत्या. पाळकसाहेबांनी नको म्हटलं असताना रागाच्या घातल्या होत्या, दुसऱ्याच एका माणसावरच्या रागानं. ते वाक्य मी निम्म्यात तोडलं होतं. आणि मग उरलेलं वाक्य सांगितलं, सावकाश, माझ्या मुलीनं म्हटलं होतं तसं. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

तिचे हात शेंगांवरच थांबले होते. ती म्हणाली, "मालक म्हनले हुते अर्धं हाय म्हून, मला वाटलं समजूत काढत्यात. हजार?"

"हजारो."

"हजारात माझी एक पोर बसली नसती व्हय, मास्तर?"

मी म्हणालो की पोर महिन्याची होती तेव्हा मी एकदा इथं आलो होतो. फाट्यापर्यंत. आणि परत गेलो होतो. हे सांगितल्याशिवाय माझं ओझं उतरणार नाही असं मला वाटत होतं. माझं ओझं! चार वर्षांनी उठून आलो तेसुद्धा स्वतःसाठीच आलो होतो, हे मला तिचा चेहरा बघून कळलं.

"तवा आला आसतासा तर," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तवा तिला आजून कुनाची वळख न्हवती."

मी वाट बघत होतो. मला वाटत होतं, आता ही उठेल, हाताला येईल ते फेकून मारेल, शिव्या देईल, गाव गोळा करेल. मी त्यासाठीच आलो होतो म्हटलं तरी चालेल. लहानपणापासून मला शिक्षा कळत होती. शिक्षा झाली की हिशेब पुरा होतो आणि माणूस जेवायला बसू शकतो. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा एक शेंग हातात घेतली. तिला राग येत नव्हता असं नाही. तिच्या बोटांना शेंग फोडता येत नव्हती. पण तो राग बाहेर काढून मला मोकळं करायची तिची तयारी नव्हती, किंवा तिच्या मनात मी उरलोच नव्हतो. तिच्या मनात दुसरंच काही चाललं होतं.

ओढ्याच्या वाटेनं तिची बहीण येताना दिसली. डोक्यावर ओल्या धुण्याची पाटी, थकलेली, साधी बाई. तिला लांबूनच बघून मुलगी टरफलं टाकून उठली आणि "अव्वा, अव्वा" करत पळत सुटली.

"मास्तर," ती घाईनं म्हणाली. आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं. "आता हे माझ्या भनीला म्हाईत हुता कामा न्हाय. येसूची आन हाय तुमाला. मालकास्नीबी सांगू नगासा. ती लई भली बाई हाय. तिला कळलं तर ती आजच्या आज पोर माझ्या ओटीत घालंल."

मी मान हलवली.

"आनि मी न्हाय म्हननार न्हाय," ती म्हणाली, आणि बहिणीच्या डोक्यावरची पाटी उतरून घ्यायला उठली.